मोडेमचा दिवा कोण लुकलुकवतंय? घरच्या नेटवर्कवरची अनोळखी हालचाल शोधण्याची रीत

एकदा सलग तीन आठवडे माझ्या राउटरवर रोज नऊ जीबीच्या आसपास अपलोड दिसत होतं. घरात कोणी काही पाठवत नव्हतं. मी आधी शेजाऱ्यांवर संशय घेतला आणि वायफायचा पासवर्ड दोनदा बदलला. मग व्हायरस असेल म्हणून लॅपटॉप पुसून सगळं नव्याने चढवलं. आकडा जागचा हलला नाही. शेवटी कारण निघालं ते असं: एका फोनमधला तीन जीबीचा व्हिडिओ क्लाउडवर चढताना अगदी शेवटी अडकायचा, आणि ॲप तो पुन्हा पहिल्यापासून चढवायला घ्यायचं. रात्रीतून तीन वेळा. पासवर्ड बदलला की त्या फोनला नवा पासवर्ड मीच देत होतो.

लॅपटॉप पुसला त्या दिवशी काही जुनी कागदपत्रंही गेली, ती परत मिळाली नाहीत. मोजण्याआधी अंदाज बांधल्याची ती किंमत होती. म्हणून खालची कृती ठरावीक क्रमाने लिहिली आहे: आधी आकडा, मग दिशा, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी कारण. क्रम मोडावासा वाटेल, विशेषतः घाबरलेले असाल तर. मोडू नका.

दिवा काय सांगतो

दिवा एवढंच सांगतो की पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, गेलं किंवा आलं. इथरनेटवरची (तारेच्या जोडणीवरची) सगळ्यात लहान चौकट, म्हणजे पॅकेटचं वेष्टन, ६४ बाइटची असते आणि नेहमीच्या मोठ्या पॅकेटात १५०० बाइट मावतात. दिवा दोन्हींना सारखाच लुकलुकतो. किती गेलं, कुठल्या दिशेने गेलं, कोणी पाठवलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय सगळे दिवे रहदारीचे नसतात. फायबरच्या डब्यावरचा ‘पॉन’चा दिवा लुकलुकत असेल तर डबा अजून इंटरनेट कंपनीच्या यंत्रणेशी नोंदणी करतोय, तो स्थिर असायला हवा. ‘लॉस’ लाल झाला तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. हे दोन्ही लाइनचे दोष आहेत, हेरगिरीची लक्षणं नव्हेत.

घरातली सगळी यंत्रं शांत असतानाही जी रहदारी असायचीच, ती आधी ओळखून घ्या. लाइन पीपीपीओईवर (नाव-पासवर्ड देऊन जोडण्याच्या पद्धतीवर) असेल तर राउटर आणि कंपनीचा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने एकमेकांना ‘आहेस ना?’ असं विचारत राहतात. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटण्याच्या पद्धतीने) मिळत असेल तर त्याची मुदत निम्मी संपली की राउटर नूतनीकरण मागतो. घड्याळ जुळवायला एनटीपी आहे. कंपनीने दिलेला राउटर टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने अधूनमधून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो. तिच्यावरूनच कंपनी दूर बसून फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलते. घराच्या आत टीव्ही, प्रिंटर, स्पीकर एकमेकांना हाका मारत असतात: एमडीएनएसच्या हाका २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, एसएसडीपीच्या २३९.२५५.२५५.२५० वर. लॉगमध्ये हे पत्ते दिसले तर ते कुठल्या परक्या देशातले सर्व्हर नाहीत. त्या हाका घराबाहेर जातच नाहीत. आणि प्रत्येक फोन सूचना मिळवण्यासाठी एक जोडणी कायम उघडी ठेवतो, ॲण्ड्रॉइडचा सहसा ५२२८ पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीचं क्रमांक दिलेलं दार) आणि आयफोनचा ५२२३ वर.

केबलच्या मोडेमवर आणखी एक गोष्ट असते. तिथे एकच तार अनेक घरांत वाटलेली असते, त्यामुळे ‘हा पत्ता कोणाचा?’ ही कंपनीकडून येणारी विचारणा सगळ्यांच्याच मोडेमवर येते. घरातली एकूण एक तार काढली तरी तो दिवा थांबत नाही. अनेकांची झोप याच दिव्याने उडवली आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काहीही नाही.

मग उरतात बाहेरच्या टकटकी. आयपीव्ही४ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या पद्धतीत, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. ऐकायला प्रचंड वाटतं, पण २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं आणि एका साध्या संगणकावरून, एक गिगाबिटच्या जोडणीवर, पाऊण तासाच्या आत सगळ्या सार्वजनिक पत्त्यांचा एकेक पोर्ट ठोठावून दाखवला. आज हे काम अभ्यासक करतात, शोडानसारखी शोधयंत्रं करतात आणि चोरही करतात. तुमचं दार कोणी वाजवलं याचा अर्थ तुमच्यावर कोणाची नजर आहे असा होत नाही. ते ओळीने सगळीच दारं वाजवत चालले आहेत. शिवाय तुमचा पत्ता बदलता असेल तर कालपर्यंत तो दुसऱ्या कोणाकडे होता. तो माणूस टोरेंट (अनोळखी संगणकांशी फाइल वाटून घेण्याची पद्धत) चालवत असेल तर त्याचे जुने साथीदार काही तास तुमच्याच दारावर येत राहतात. राउटर नुकताच पुन्हा सुरू केला आणि बाहेरून पॅकेटांचा पाऊस सुरू झाला, तर हे कारण आधी आठवा.

पहिली पायरी: आकडा काढा

राउटरचं व्यवस्थापन पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. तिथे ‘स्टॅटिस्टिक्स’ किंवा ‘स्टेटस’खाली वॅनचे (कंपनीकडे जाणाऱ्या बाहेरच्या जोडणीचे) दोन आकडे मिळतील: पाठवलेले बाइट आणि आलेले बाइट. झोपण्याआधी दोन्ही वेळेसह कागदावर लिहा. सकाळी कोणी फोन हातात घेण्याआधी पुन्हा लिहा.

इथे तीन खड्डे आहेत, आणि मी तिन्हींत पडलो आहे. पहिला खड्डा दिशेचा. राउटर स्वतःच्या बाजूने बोलतो. वॅनवर ‘पाठवलेलं’ म्हणजे तुमचं अपलोड. पण लॅनच्या (घरातल्या तारांच्या) किंवा वायफायच्या रांगेत ‘पाठवलेलं’ म्हणजे राउटरने तुमच्या यंत्राला दिलेलं, म्हणजे तुमचं डाउनलोड. लॅनचा आकडा वाचून लोक घाबरतात आणि प्रत्यक्षात ती रात्री उतरलेली अपडेट निघते. दुसरा खड्डा, काही जुन्या राउटरांचा मोजणारा काटा सुमारे ४.२९ जीबीला पोचला की पुन्हा शून्यावर येतो, कारण तो ३२ बिटांचा असतो. सकाळचा आकडा रात्रीपेक्षा कमी दिसला तर हेच झालेलं असू शकतं. नाहीतर रात्री जोडणी तुटून पुन्हा जुळली असेल आणि काटा नव्याने सुरू झाला असेल. तोच तिसरा खड्डा. किती वेळ जोडणी चालू आहे हे त्याच पानावर दिसतं, तेही टिपून ठेवा.

आता भागाकार. समजा रात्री अकरा ते सकाळी सहा, म्हणजे २५,२०० सेकंदांत अपलोड २,१०० एमबीने वाढलं. आठने गुणा (एका बाइटात आठ बिट), सेकंदांनी भागा: सेकंदाला साधारण ०.६७ मेगाबिट. उलट दिशेने लक्षात ठेवायचं तर सेकंदाला १ मेगाबिट दिवसभर चालला की १०.८ जीबी होतात, १०० किलोबिट चालले की सव्वा जीबीच्या आत, आणि १० किलोबिट चालले की १०८ एमबी. वर सांगितलेली नेहमीची कुजबुज बहुतेक घरांत या शेवटच्या आकड्याच्या आसपास किंवा त्याच्या खालीच राहते.

माझा स्वतःचा दंडक सांगतो. सात तासांत दोन्ही दिशांना मिळून पन्नासेक एमबी असतील तर मी पान बंद करतो, दिवा कितीही लुकलुकू दे. डाउनलोड काही जीबी आणि अपलोड त्याच्या चार-पाच टक्के असेल तर काहीतरी उतरलं आहे, अपडेट किंवा खेळ. पोचपावत्यांपुरतं अपलोड त्यात होणारच. पण घरात कॅमेरा नसताना रात्रीतून दोन-तीनशे एमबीच्या वर अपलोड झालं, किंवा अपलोड डाउनलोडच्या पुढे गेलं, तर मी कारण सापडेपर्यंत थांबत नाही. घर हे घेणारं असतं. ते रात्री देऊ लागलं तर कोण देतंय आणि काय देतंय हे कळलंच पाहिजे.

राउटरवर असे आकडेच नसतील तर कंपनीच्या खात्यातला दैनंदिन वापर बघा. तो ढोबळ असतो आणि उशिरा दिसतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

दुसरी पायरी: सगळं सोडवून पाहा

अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे आणि निम्मे प्रश्न इथेच संपतात. घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

१. वॅनचे दोन्ही आकडे लिहा. मग पाहुण्यांसाठीच्या वायफायसह सगळी वायफाय नावं बंद करा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ ही दोन वेगळी असतील तर दोन्ही.

२. लॅनच्या सगळ्या तारा काढा. टीव्हीचा सेटटॉप डबा, दुसरा ॲक्सेस पॉइंट, इंटरनेटवरचा दूरध्वनी हे हमखास विसरतात. राउटर मात्र बंद करू नका, काटा शून्यावर जाईल.

३. अर्धा तास थांबा. मग एकच संगणक तारेने जोडून लगेच आकडे वाचा.

आकडा जवळपास थांबला असेल तर उगम घरातल्या एखाद्या यंत्रात आहे. पुढच्या पायरीवर चला. आलेले बाइट हळूहळू वाढले पण पाठवलेले जवळपास तसेच राहिले, तर ती बाहेरची टकटक आहे आणि राउटर तिला उत्तर देत नाही, म्हणजे आपलं काम चोख करतोय. काहीही जोडलेलं नसताना पाठवलेले बाइट जोरात वाढले, तर ते राउटर स्वतः पाठवतोय. मग काही कंपन्यांचे राउटर आपल्या घरातून इतर ग्राहकांसाठी सार्वजनिक हॉटस्पॉट चालवतात, ती सोय चालू आहे का ते आधी पाहा. तीही नसेल तर खाली राउटरवरचा भाग वाचा.

यंत्र शोधताना एकेक जोडत बसू नका, निम्मी-निम्मी जोडा. सोळा यंत्रं असतील तर आठ जोडून दहा मिनिटं आकडा बघा. वाढला तर त्या आठांतली चार ठेवा, नाही तर उरलेल्या आठांकडे वळा. चार फेऱ्यांत एकच यंत्र उरतं. हालचाल सतत चालू असते तेव्हाच हे जमतं. ती मध्यरात्रीच होत असेल, तर एकेका रात्री निम्मी यंत्रं प्लगवरून बंद ठेवावी लागतात. चार रात्री जातील, पण उत्तर पक्कं मिळेल.

जोडलेल्यांची यादी आणि अनोळखी नावं

राउटरवर जोडलेल्या यंत्रांची यादी असते: नाव, आयपी पत्ता, मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क भागाचा ओळखक्रमांक). ती पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक जण दचकतो, कारण निम्मी नावं ओळखीची नसतात. त्यात दोन गैरसमज नेहमीचे आहेत.

एक, ॲण्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी बनावट मॅक पत्ता वापरतात, खाजगीपणा राखण्यासाठी. त्यामुळे तोच फोन यादीत दोनदा दिसू शकतो आणि उत्पादकाचं नावही कळत नाही. ओळखायची खूण अशी: मॅक पत्त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात दिलेला नाही, यंत्राने स्वतः घेतलेला आहे. दोन, ‘ईएसपी’ने सुरू होणारं नाव आणि पुढे काही आकडे-अक्षरं दिसली तर ते बहुधा स्मार्ट प्लग किंवा बल्ब असतात, एस्प्रेसिफ कंपनीच्या चिपवर चालणारी यंत्रं स्वतःचं असं नाव सांगतात.

यादी एकदा बसून पूर्ण करा. जे ओळखत नाही त्याची जोडणी राउटरवरून अडवा आणि घरात काय बंद पडतं ते बघा. दोन दिवसांत कोणाची तक्रार आली नाही, तर ते यंत्र खरंच परकं असू शकतं. तेव्हा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर ठेवा. शेजाऱ्यांवर संशय घ्यायची वेळ आलीच, तर ती इथे येते. त्याआधी घेतला तर चोर सोडून संन्याशाला सुळी.

संगणक आणि फोन

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमधून रिसोर्स मॉनिटर उघडा आणि नेटवर्कच्या टॅबवर कोणता प्रोग्राम किती पाठवतोय, कुठल्या पत्त्याला, हे वेगवेगळं पाहा. ‘सर्व्हिस होस्ट: डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ असं दिसलं तर ती विंडोज अपडेटची वाटून घेण्याची सोय आहे. तुमचा संगणक आपल्याकडे आलेल्या अपडेटचे तुकडे दुसऱ्या संगणकांना देतो, आणि सेटिंग तसं असेल तर इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांनाही. पोर्ट ७६८०. विंडोज अपडेटच्या प्रगत पर्यायांत जाऊन ती फक्त घरच्या नेटवर्कपुरती ठेवा किंवा बंद करा. रात्रीचं न समजणारं अपलोड म्हणजे बरेचदा हेच असतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये नेटवर्क टॅब आहे. पाठवलेल्या बाइटांच्या स्तंभावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त पाठवणारा वर येतो.

ॲण्ड्रॉइड फोनवर वायफायचा वापर ॲपनुसार सेटिंगमध्ये दिसतो. आयफोन मात्र ॲपनुसार फक्त मोबाइल डेटाचा हिशोब देतो, वायफायचा नाही. तिथे ‘ॲप प्रायव्हसी रिपोर्ट’ चालू करून ठेवा. कोणतं ॲप कुठल्या सर्व्हरशी बोललं हे तरी कळतं. फोटोंचा बॅकअप सगळ्यात आधी तपासा. ‘१ बाकी’ असा संदेश दिवसेंदिवस तसाच राहिला असेल, तर माझ्या घरी झालं तेच तुमच्याकडे चाललं आहे. तो व्हिडिओ बाजूला काढून ठेवा.

ज्यांच्यात डोकावता येत नाही ती यंत्रं

टीव्ही, कॅमेरे, प्लग, व्हॅक्यूम, टीव्हीला जोडायचे छोटे डबे. यांना टास्क मॅनेजर नसतो. यांच्यासाठी माझा सगळा भरवसा डीएनएसच्या, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या, नोंदवहीवर आहे. कोणतंही यंत्र बाहेर बोलण्याआधी सहसा सर्व्हरचं नाव सांगून त्याचा पत्ता विचारतं. हे विचारणं तुमच्या हाताखालून जाऊ द्या, म्हणजे कोणी कोणाचं नाव विचारलं याची यादी आपोआप तयार होते. पाय-होल किंवा ॲडगार्ड होम ही दोन मोफत साधनं जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर चालतात. ती बसवून राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून त्या यंत्राचा पत्ता द्या आणि एक पूर्ण दिवस काही न करता नोंद होऊ द्या.

मग वाचायला बसा. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, तेच नाव दर काही सेकंदांनी विचारणारं यंत्र. ते बहुधा अडकलेलं असतं: बंद पडलेल्या सेवेला शोधतंय, किंवा त्याची विचारणा तुम्हीच अडवली आहे आणि ते हट्टाने पुन्हा पुन्हा विचारतंय. दिवा वेड्यासारखा लुकलुकतो पण बाइट मात्र किरकोळ, याचं उत्तर इथे मिळतं. दुसरी, यंत्राच्या कामाशी न जुळणारी नावं. प्लगने आपल्या उत्पादकाचा सर्व्हर आणि घड्याळाचा सर्व्हर विचारावा. त्याने दुकानांची, समाजमाध्यमांची, जाहिरातींची नावं विचारायचं कारण नाही. तिसरी, वेळ. बंद दिसणारा टीव्ही पहाटे तीनला काय विचारतोय? बरेच स्मार्ट टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन तुम्ही काय बघता ते कंपनीला कळवतात. ही सोय सेटिंगमध्ये ‘बघण्याची माहिती’ किंवा तशाच एखाद्या गोड नावाखाली लपलेली असते. शोधून बंद करा. तुमच्या बैठकीत काय चालतं ते कोणाला कळावं, हे तुम्ही ठरवायचं आहे.

या नोंदवहीच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. नाव किती वेळा विचारलं ते ती सांगते, किती बाइट गेले ते नाही. म्हणून राउटरच्या आकड्यांशी ताडून पाहावं लागतं. आणि काही यंत्रं स्वतःचा डीएनएस आत कोरूनच येतात किंवा एन्क्रिप्ट केलेला डीएनएस वापरतात. यादीत ज्याचं नावच नाही पण बाइट मात्र भरपूर जातायत, असं यंत्र सापडलं तर संशय वाढवा, कमी करू नका.

कॅमेऱ्याचा हिशोब सोपा आहे. सतत क्लाउडवर चित्रण पाठवणारा एक कॅमेरा सेकंदाला १ ते २ मेगाबिट खातो, म्हणजे दिवसाला १० ते २१ जीबी. हालचाल झाली तरच पाठवायचं असं सेटिंग असेल आणि आकडा तरीही एवढाच असेल, तर त्याच्यासमोर हलणारं झाड किंवा पडदा आहे का बघा.

सगळ्यात गंभीर प्रकार मात्र वेगळा आहे: तुमच्या जोडणीवरून परक्याची रहदारी जाणं. काही मोफत व्हीपीएन (आपला पत्ता लपवून देणाऱ्या सेवा) आणि तशी ॲप आपल्या वापरणाऱ्याचा आयपी पत्ता गुपचूप भाड्याने देतात. मे २०२४ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘९११ एस५’ नावाचं जाळं मोडलं. मोफत व्हीपीएनच्या आडून उभारलेल्या त्या जाळ्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते अडकले होते आणि त्यांच्या आडोशाने फसवणुकीचे गुन्हे होत होते. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला. त्यात अनधिकृत ॲण्ड्रॉइड टीव्ही डबे, प्रोजेक्टर यांसारखी यंत्रं विकत घेण्याआधीपासूनच बाधित असतात किंवा पहिल्यांदा सुरू करताना होतात. याची खूण अशी की डाउनलोड आणि अपलोड जवळपास सारखे वाढतात, कारण जे आत येतं तेच पुढे जातं. तुम्ही उघडलेल्या संकेतस्थळांवर ‘तुम्ही रोबो आहात का’ असं वारंवार विचारलं जातं, कारण तुमच्या पत्त्याची पत घसरलेली असते. असा डबा सापडला तर तो रीसेट करून पुन्हा लावू नका. तळाचं सॉफ्टवेअरच बिघडलेलं असतं, रीसेटने ते परत तेच होतं. तार काढा आणि तो कायमचा बाजूला करा.

राउटरच बाधित असेल तर

२०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने) कॅमेरे आणि राउटर पकडले ते कारखान्यातले, कोणी न बदललेले पासवर्ड वापरून. साठच्या वर नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी त्याच्याकडे होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या एका भावंडाने टीआर-०६९ च्या ७५४७ पोर्टवरून हल्ला केला आणि जर्मनीतल्या डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली. मिराई फक्त मेमरीत राहायचा, राउटर बंद-चालू केला की जायचा, पण पासवर्ड तोच असेल तर पुन्हा यायचा. २०१८ च्या व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक प्रोग्रामने मात्र बंद-चालू केल्यावरही आपला पहिला टप्पा टिकवून ठेवला. तेव्हा सुमारे पाच लाख यंत्रं बाधित होती. म्हणून ‘एकदा बंद करून चालू केलं, आता ठीक आहे’ यावर मी विसंबत नाही.

राउटरवर या गोष्टी बघा: वॅनचा डीएनएस तुम्ही किंवा कंपनीने दिलेलाच आहे का, पोर्ट फॉरवर्डिंगच्या (बाहेरून आत येण्याच्या उघड्या वाटांच्या) यादीत अनोळखी ओळ आहे का, बाहेरून व्यवस्थापन चालू आहे का, आणि तुमचा व्यवस्थापन पासवर्ड अचानक चालेनासा झाला आहे का. यातलं काही निघालं तर कारखाना-रीसेट करा. त्याआधी पीपीपीओईचं नाव, पासवर्ड आणि व्हीलॅनचा क्रमांक लिहून घ्या, नाहीतर जोडणीच परत येणार नाही. डबा कंपनीने दिलेला फायबरचा असेल तर आधी त्यांना विचारा, कारण रीसेटने त्यांनी भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते.

रीसेटनंतर बाहेरची तार लावण्याआधी व्यवस्थापन पासवर्ड बदला. सेटिंगची जुनी बॅकअप फाइल परत चढवू नका, बिघाडही तिच्यासोबत परत येईल; सगळं हाताने भरा. तार लावल्यावर पहिलं काम फर्मवेअर अद्ययावत करणं. यूपीएनपी बंद ठेवा. त्याच्यामुळे घरातलं कोणतंही यंत्र न विचारता बाहेरून आत येणारी वाट उघडू शकतं. खेळ किंवा कॉल अडले तर तेवढा एक पोर्ट हाताने उघडा. उत्पादकाने फर्मवेअर देणं बंद केलं असेल तर राउटर बदला. त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

लॉगमधल्या भीतिदायक ओळी

‘पोर्ट स्कॅन’, ‘डॉस हल्ला’ अशा ओळी घरगुती राउटर फार सढळ हाताने लिहितात. उगमाचा पोर्ट ४४३ (संकेतस्थळांचा नेहमीचा पोर्ट) असेल तर बहुतेक वेळा ते तुम्हीच उघडलेल्या संकेतस्थळाचं उशिरा आलेलं उत्तर असतं. राउटरने ती जोडणी विसरल्यावर ते पोचलं, एवढंच. आणि तुमचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. आयपीव्ही४ वरून बाहेरचा कोणी थेट तुमच्या दारापर्यंत सहसा पोचतच नाही. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर मात्र त्याची फायरवॉल चालू आहे का, ते वेगळं तपासा.

कंपनीला फोन करायचा झाला तर

नुसतं ‘दिवा लुकलुकतो’ सांगितलं की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढंच उत्तर मिळतं. हातात कागद ठेवून बोला: कोणत्या तारखेला, किती ते किती वाजता, सगळ्या तारा आणि वायफाय काढलेलं असताना वॅनवर पाठवलेले बाइट किती वाढले, जोडणी त्या काळात तुटली होती का. मग तीनच प्रश्न विचारा. या डब्यावरून सार्वजनिक हॉटस्पॉट चालतो का? त्या वेळी तुमच्याकडून फर्मवेअर किंवा सेटिंग पाठवलं होतं का? आणि तुमच्या बाजूच्या नोंदीत त्याच तासांचा माझा अपलोड किती आहे? तिसऱ्याचं उत्तर तुमच्या आकड्याशी जुळलं, तर रहदारी खरी आहे आणि डबा बदलून मागायला कागदावर आधार आहे. जुळलं नाही, तर राउटरचा काटा चुकतोय. दुसऱ्या राउटरवर एक रात्र मोजून पाहा.